गप बसलेला सुरय

आबा, आज घरी कातरणी चालू आहे. लिंबाखाली दादानं मेंढी आडवी पाडलीय, कातरीची कचकच सकाळपासून थांबलेली नाही, आणि मेंढीच्या डोक्याशी वहिनी बसलीय. ती जागा माझी. पण मी मुद्दाम ओट्यावर बसून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली. माझं काम काय असतं ते तुम्हाला कधी नीट सांगताच आलं नाही, आणि आता त्या कामाचं जे झालं त्यात तुमचाच हात आहे. म्हणून सांगणं भाग आहे.

एक दिवस आठवतो, मी सात-आठ वर्षांची आहे. तुम्ही मेंढीचे पाय गुडघ्याखाली धरता आणि मला म्हणता, "डोळ्यावर हात ठिव. दाबू नगं, नुसता ठिव. आन् बोल तिच्याशी." मी विचारते, काय बोलू? "काय बी. हो हो म्हण." मग मी तळहातानं तिचे डोळे झाकते, घशातल्या घशात हो… हो… करत राहते, आणि पाय झाडणारी मेंढी सैल पडते. तिच्या छातीची धडधड माझ्या मांडीला लागत असते, ती हळूहळू उतरते. पुढं दर कातरणीला तुम्ही मलाच डोक्याशी बसवायला लागलात. "पोरीच्या हातात जनावर ऱ्हातंय," असं पाव्हण्यांना सांगायचात. माझ्या तोंडावर कधी एक शब्द बोलला नाहीत, त्यामुळं ते ऐकायला मी दाराआड उभी राहायची.

आठवणीतला दुसरा दिवस औषध फवारलेल्या तुरीचा. बेंबळीच्या शिवारात आपली मेंढरं कुणाच्या तरी तुरीत शिरली होती, तुम्ही ती ओरडत बाहेर काढली. बाकीची उधळली, एक मात्र बांधावर उभी. कुत्रं तिच्या नाकापाशी येऊन भुंकलं तरी ती हलली नाही. मी खुशीत म्हणाले, "आबा, ही बघा किती शहाणी, पळत न्हाय." तुम्ही माझ्यावर असे खेकसलात की मी रडायच्या बेताला आले. "शहाणी म्हंतीस व्हय हिला? भ्यायचंच ऱ्हायलं न्हाय हिच्यात!" दिवस मावळायच्या आत ती गेली. तुम्ही त्या रात्री जेवला नाहीत. न भिणारं जनावर मला तेव्हापासून बघवत नाही.

आता माझं काम. कोकणात समुद्राकाठी सुरय नावाचा पक्षी असतो, पांढरा, डोक्यावर काळी टोपी, मासळीवर जगणारा. त्याला कुणी धरलं की भीतीनं त्याच्या रक्तात एक संप्रेरक झपाट्यानं वाढतं. त्याच्या जोरावर तो झटापट करतो, उडतो, पिलांवर आलेल्या कावळ्याला हाकलतो. मासळीतून पारा आणि कारखान्यांची रसायनं अंगात साचली की हे वाढणंच बिघडतं, अशी आमची शंका. म्हणून पक्षी धरल्या धरल्या रक्ताचा एक थेंब घ्यायचा, अर्धा तास हातात ठेवायचा, मग दुसरा थेंब घ्यायचा आणि त्याला सोडून द्यायचं. जागा दोन. एक लांब समुद्रातलं बेट, तिथलं पाणी स्वच्छ. दुसरी खाडीच्या तोंडावरची वाळू, तिथं कारखान्यांचं सांडपाणी येतं. खाडी अवघड, म्हणून ती मी घेतली. बेटावर माझा सहकारी जायचा, रत्नागिरीकडचा, मन लावून काम करणारा माणूस. दोन हंगाम आम्ही राबलो. बेटावरच्या सुरयांचं संप्रेरक वाढलं, खाडीवरच्यांचं जवळजवळ नाहीच. मला वाटलं, झालं. बांधावरची मेंढी आता सगळ्या जगाला दाखवता येईल. खाडीकाठचे कोळीही आमच्या निष्कर्षाची वाट बघत होते, कारण तीच मासळी त्यांची पोरं खातात.

मग शेवटी शेवटी मला ताप आला आणि खाडीवर माझ्याऐवजी तो गेला. त्याच्या हातातल्या सुरयांचं संप्रेरक वाढलं. तीच वाळू, तोच आठवडा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, धसमुसळेपणानं धरलेस तू पक्षी. तो शांत माणूस, त्यानं आधी खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "ताई, राग मानू नका. तुम्ही त्यांच्याशी बोलता." मी? कधी? त्यानं खाडीवर काढलेला व्हिडिओ दाखवला. माझा तळहात सुरयाच्या डोळ्यांवर, नुसता ठेवलेला, दाब नाही. आणि लाटांच्या आवाजाखालून माझाच आवाज, हो… हो… हो. आबा, तो आवाज मी करते हे मला ठाऊकच नव्हतं. पक्षी विषानं गप होते की तुमच्या हातानं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, तुझ्या तापात त्यानं धरलेले थोडे पक्षी वगळू या, बाकी छापायला पाठवून देऊ. मी नाही म्हणाले. उद्या कारखान्याच्या माणसानं तो व्हिडिओ बघितला तर कोळ्यांचं खरं दुखणंही खोटं ठरेल. घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग समदं पाण्यात गेलं म्हण की." म्हटलं, गेलं. "आता गं?" म्हटलं, पहिल्यापासून करणार. तिनं माझ्याकडं बघितलं. "बापाचा हात हाय तुला, त्यो काय धुऊन जातोय व्हय," म्हणाली, आणि भाकरी उलटली. म्हटलं, धुवायचा नाहीच मला. बाजूला ठेवायचा.

या हंगामात तसंच केलं. दोन्ही जागी पक्षी सहकाऱ्यानंच धरले, त्यांचे डोळे न झाकता, स्वतःचं तोंड बंद ठेवून. मी चार हात लांब उभी, घड्याळ बघत, हात पाठीमागं बांधलेले. पक्षी तडफडायचा आणि माझ्या घशात आवाज यायचा, तो मी गिळायची. महिनाभर हे केलं. खाडीवरच्या बऱ्याच सुरयांचं संप्रेरक छान वाढलं. आधी मी सगळ्यांनाच विषानं गप ठरवलं होतं ते चूकच होतं. पण काही तरीही राहिले. परक्या हातात, उघड्या डोळ्यांनी, अर्धा तास, तरी वाढ नाही. आणि ज्यांच्या रक्तात पारा सगळ्यात जास्त निघाला, ते हेच. आधी लिहिलं होतं त्यापेक्षा हे थोडं आहे, पण यातलं आता काही हलत नाही. हेच पाठवलंय. कोळ्यांच्या बैठकीत मीच उभी राहून सांगणार आहे, आणि आधीची चूकही सांगणार आहे.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. तुम्ही असतात तर इथंच ओट्यावर बसून वाचून दाखवलं असतं, आणि तुम्ही मधेच उठून मेंढराकडं गेला असतात.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. शेवटच्या दिवशी खाडीवर एक सुरय सहकाऱ्याच्या हातात धरल्यापासून तसाच बसून होता. चोच मारली नाही, पंख झाडले नाहीत. वरून कावळा ओरडत गेला तरी मान वळवली नाही. दुसरा थेंब घेऊन झाला, काम संपलं. सोडण्याआधी मी तो मागून घेतला, पाठ फिरवली, आणि त्याच्या डोळ्यांवर हात ठेवून हो हो म्हणत राहिले. तो आधीच गप होता, आबा. माझ्या हातात शांत व्हायला त्याच्यात काही उरलंच नव्हतं.