मामांचं हसू आणि दोन तपकिरी बाटल्या

ती. मामांस,

शिगेमासाचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. इबुसुकीच्या गरम वाळूत पडून तुमचे गुडघे आता सैल झाले असतील. इकडे तारुमिझुला डोंगर रोज राख ओकतोय आणि देवदारांच्या परागांनी माझं नाक आठवडाभर बंद आहे (हे नाक लक्षात ठेवा, पुढे लागेल). नोबुए बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या सोहळ्यासाठी काढलेला फोटो अजून का आला नाही, असं तुम्ही विचारलंत. विचारणारच. साठ वर्षं या स्टुडिओत गावातल्या समस्त म्हाताऱ्यांचे, ते गेल्यावर देव्हाऱ्यात ठेवायचे फोटो काढलेत, पण स्वतः त्या खुर्चीत कधी बसला नाहीत. यंदा बसलात आणि वर चक्क हसलात! (नोबुए म्हणते, ती लग्न होऊन आल्यापासून हे पहिलंच.) त्या हसण्याचं काय झालं ते सांगतो, पण आधी फिल्म धुवायच्या रसायनाचं, डेव्हलपरचं ऐका.

तुमची शिकवण अशी की डेव्हलपरमध्ये पाणी घालायचं ते फिल्म धुवायच्या वेळी, एकास एक, आणि लगेच वापरायचं. बावीस वर्षं मी तसंच केलं आणि बावीस वर्षं तुम्ही त्यात बोट बुडवून, अंगठ्याशी चोळून, कधी "पाणी जास्त" म्हणालात, कधी "पाणी कमी". बरोबर म्हणून एकदाही नाही. तेव्हा मी विचार केला (इथेच घोटाळा झाला), की रताळ्याच्या दारूत, आपल्या शोचूत, पाणी घालून आपण दोन दिवस मुरवतो, तेव्हा कुठे ती घशाखाली सुखाने उतरते. मग डेव्हलपरनेच काय घोडं मारलंय? म्हणून तुमच्या फोटोसाठी खास, मंगळवारी, डेव्हलपर पातळ करून मुरत ठेवला. त्याच दिवशी तुमच्यासाठी शोचूही. दोन्ही तपकिरी बाटल्यांत आणि दोन्ही अंधाऱ्या खोलीत, कारण घरात गार जागा तेवढीच. चिठ्ठी लावल्याशिवाय बाटली ठेवायची नाही ही शिस्त तुमचीच, म्हणून दोन्हींवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: एकास एक, मंगळवार.

गुरुवारी एक बाटली तुम्हाला पार्सलने पाठवली आणि दुसरी फिल्मच्या डब्यात ओतली. दर मिनिटाला डबा हलवला, पुढचे सगळे सोपस्कार केले. फिल्म बाहेर काढली तर खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ! तुम्ही नाही, खुर्ची नाही, हसू तर नाहीच. मी फिल्म बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या, मग नळाच्या पाण्याला, मग डोंगराला. तेवढ्यात नोबुए दारात येऊन म्हणाली, "अहो, दिवसाढवळ्या इथे बसून पिताय होय? अख्ख्या खोलीला वास मारतोय!" मामा, शपथेवर सांगतो, मी एक थेंबही प्यायलो नव्हतो. सगळी तुमच्या फोटोला पाजली होती.

मग मी मोरीशी बसून रडलो, लपवत नाही. फिल्म दुकानात मिळते हो, पण ते हसू कुठून आणू?

बाकी सर्व क्षेम आहे. वाळूत फार वेळ पडू नका.

तुमचा भाचा,
शिगेमासा

ता.क. पुन्हा एकदा खुर्चीत बसाल का? किमोनोला इस्त्री मी करून ठेवतो. हसणं तुमच्या मर्जीवर.

ता.क. २. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पार्सलमधली बाटली उघडू नका. उघडली असेल तर पिऊ नका! शोचू इकडे संपली, म्हणजे तिकडे काय पोचलंय हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. तीनदा फोन केला, पण तुम्ही कानातलं यंत्र काढून बसता.

ता.क. ३. पाकीट चिकटवत होतो तोच टपालवाला आला. तीच बाटली, काठोकाठ भरलेली, आणि गळ्यात तुमची चिठ्ठी: "बूच काढताच वास आला. बोटाने चोळून पाहिलं. प्रमाण बरोबर आहे. म्हणजे गाढवा, तू मला शोचूत धुतलंस? कालपासून हसतोय, थांबवत नाही. शनिवारी येतो, कॅमेरा तयार ठेव. बाटल्यांना हात लावू नकोस."

तिकीट लावून झालंय म्हणून पत्र तरीही टाकतोय. तुमच्या फोटोसाठी आणलेली चौकट रिकामी होती. 'प्रमाण बरोबर आहे' एवढी ओळ कापून मी तिच्यात बसवली आहे. शनिवारी आल्यावर ती काढायला सांगू नका, मामा. तुमच्या फोटोसाठी दुसरी चौकट आणतो.