हळदीकुंकवाने धरलेली नळी

अहो,

बत्तीस वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुम्ही ठाकुर्लीहून मोहन्याला कामावर जायचात आणि संध्याकाळी घरी यायचात, मग पत्र कशाला लागतंय? आज लिहितेय, कारण आज सकाळपासून मी तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून होते आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. भांडण तुमच्याशी आहे, तर दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग?

नवी बॅटरी घालून घेतली, तरी गाडी चालू होऊन लगेच बंद पडत होती. चौदा महिने पार्किंगमध्ये उभी, पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल, असं ड्रायव्हिंग स्कूलचे सर म्हणाले. हो, ड्रायव्हिंग स्कूल! दचकलात का? गेल्या महिन्यात लायसन्स आलं माझं. रोहनला फोन केला तर म्हणाला, "आई, भंगारात दे ना ती! कशाला उगाच झंझट?" तुमचाच मुलगा तो. नाक्यावरचा मेकॅनिक दोनदा "आलोच मावशी" म्हणाला आणि आला नाही. म्हटलं, तुमची हत्यारांची पेटी घरात आहे आणि मला दोन हात आहेत.

मोबाइलवर एका मुलाचा व्हिडिओ बघितला. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करायची, ती आपोआप बंद पडली की नळीतला जोर उतरतो. मग बॅटरीची वायर काढायची, फिल्टरला नळी जिथे बसते तिथली दोन बाजूंची लॉकं दाबायची आणि नळी ओढायची. तो मुलगा बोलता बोलता ओढतो आणि त्याची सुटते. माझी काही केल्या सुटेना! फडकं गुंडाळून ओढली, बोटाचं साल निघालं. पकड लावावी तर प्लास्टिक तुटायची भीती. तुम्ही असतात तर मागून म्हणाला असतात, "अगं, ठेव ते. तुला नाही जमायचं."

शेवटी टॉर्च लावून वाकून बघितलं. लॉकच्या खाचेत लाल-पिवळं काहीतरी घट्ट बसलं होतं. नखाने खरवडलं तर काय, हळदीकुंकू! अकरा दसऱ्यांचं, त्यावर तेल आणि धूळ बसून दगड झालेलं.

आणि ते लावलं कुणी? मीच. दर दसऱ्याला तुम्ही बॉनेट उघडून, हातात पाना धरून उभे. "इथे लाव. फिल्टरला लाव. त्या जोडाला लाव आधी, तिथूनच पेट्रोल जातं." मी बोट ओलं करून लावत जायचे आणि वरून तुम्ही नारळाचं पाणी शिंपडायचात. जन्मभर फिटर म्हणून काम केलेल्या माणसाला जोडात काय जातंय ते दिसू नये? गाडीला हात लावायची मला वर्षातून एकदाच परवानगी, तीही कुंकवाच्या बोटाने!

तीसुद्धा गेली. मागच्या दसऱ्याला तुमच्या आक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुनंदा, तू नको हो लावूस. सूनबाईला लावू दे." मी ताट खाली ठेवलं आणि आत जाऊन चहा टाकला. रोहन जवळच उभा होता, त्यानेच ते ताट उचलून सूनबाईच्या हातात दिलं.

दात घासायचा जुना ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन मी तो जोड अर्धा तास घासला. मग व्हिडिओ पुन्हा लावला, तेव्हा कळलं की ओढायच्या आधी नळी थोडी आत ढकलायची असते. आत ढकलली, लॉकं दाबली, ओढली, आणि सुटली! फडक्यावर जरासं पेट्रोल सांडलं. मी तिथेच पार्किंगच्या लादीवर बसून रडले. वॉचमन धावत आला, "काय झालं ताई, लागलं काय?" म्हटलं, हो, लागलं.

अहो, त्या रविवारी दुपारी तुम्ही छाती धरून खाली बसलात, तेव्हा हीच गाडी जिन्यापासून दहा पावलांवर उभी होती. टाकी भरलेली. चावी माझ्या मुठीत. रिक्षावाले जेवायला गेलेले, ॲम्ब्युलन्सवाला "निघालोय, निघालोय" म्हणत होता, शेजारचे गावाला. मी कितीदा म्हटलं होतं तुम्हाला, मला शिकवा म्हणून? गाडी घेतली तेव्हा म्हटलं, रोहन पुण्याला गेला तेव्हा म्हटलं. तुम्ही हसायचात. "मी आहे ना!" कुठे होतात हो तुम्ही? डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं." माझ्याकडे बघून म्हणाले. हट्ट तुमचा, आणि मान खाली मी घालायची?

नवा फिल्टर बसवला, फ्यूज आणि बॅटरीची वायर परत लावली. जोडातून थेंब येत नाही ना ते दोनदा बघितलं. गाडी सुरू झाली, तशी मी ती बाहेर काढली आणि थेट त्या हॉस्पिटलच्या दारात नेली. आजही रविवार, तीच दुपारची वेळ. चढावर एकदा बंद पडली, मागच्या रिक्षावाल्याने शिवी हासडली. तरी नऊ मिनिटं लागली. नऊ! त्या दिवशी आपल्याला पाऊण तास लागला होता.

तुम्हाला माफ करीन असं वचन देत नाही, ते अजून जमत नाही. देते ते एवढंच, की पुढच्या शनिवारी सूनबाई येतेय, तिला मी गाडी शिकवणार आहे. घाबरली तरी, रडली तरी. रोहन मध्ये पडला तर त्याच्या हातात हे पत्र ठेवीन.

आणि एक सांगू? आज शेजारची सीट रिकामी होती. तिथे बसून तुम्ही "क्लच! क्लच!" करून माझ्यावर खेकसला असतात ना, तरी मी एक शब्द बोलले नसते. असायला हवे होतात हो.

सुनंदा