आठ जणींचं गाणं

१२ जुलै, शनि. मूल (जि. चंद्रपूर)
पावणेबाराला लाईन गेली, विजेची. माझं सगळं बदललं ते तिथंच, लिहून ठेवतो. सकाळपासून गिटार रेकॉर्ड करून राह्यलो होतो, प्रत्येक टेकमध्ये राइस मिलची घरघर. भिंतींना बारदाना ठोकलाय, पण रिकामी पोती किती आवाज अडवणार? मिल थांबली आणि मागच्या धानाच्या बांधीतून रोपांचं रोवणं करणाऱ्या बायांचं गाणं आलं. एक आवाज पुढं, बाकीचे मागून. पुढचा वैशालीचा. दहावीपर्यंत एका वर्गात होतो आम्ही, आणि मले माहीतच नव्हतं की ती...
गिटारला परत हात लागला नाही.

१५ जुलै
म्युझिक लेबल सुरू केलं. बारदाना रेकॉर्ड्स. बाबा म्हणाले, "इंजिनियर व्हाले धाडलं चंद्रपूरले, अन् हा पोत्याइचा म्युझिक करून राह्यला." बाबा मिलवर ऑपरेटर, मिलची ही खोली त्यांच्यामुळंच मिळालेली. तरी उलट बोललो. जेवलो नाही. कॉलेज सोडलं ते सोडलं. गिटार मोबाइलवर पाहून शिकलो, हेही शिकीन.

१८ जुलै, शुक्र.
झालं! शुक्रवारी दुपारी लाईन नसते, म्हणजे मिल बंद. लॅपटॉप बॅटरीवर. जेवणाच्या सुट्टीत आठही जणी चिखलाच्या पायांनी आल्या, पोत्यांवर बसल्या. सगळ्यात म्हातारी बारक्याची माय. माइककडं बोट करून म्हणते, "हा कान होय का तोंड, बापू?" हसून हसून पाच मिनिटं गेली. मग वैशालीनं ओळ उचलली, बाकीच्यांनी झेलली. मी मागं तीनच सूर वाजवले. जाताना वैशाली म्हणाली, "बरा वाजवते तू."
बरा!

२४ जुलै
गाणं नेटवर टाकलं. कव्हरवर वैशालीचा फोटो. गायिका : वैशाली. बाकी काही सुचलंच नाही.

२७ जुलै, रवि.
पानठेल्यावर वाजते, ऑटोत वाजते. नागपूरहून फोन आला, कार्यक्रमात गायला बोलावतात. वैशालीला एकटीला. पळत बांधीवर गेलो. तिनं मान वर केली नाही.
"फोटो कोणाले विचारून टाकला?"
"अवं, सगळे तुझंच नाव घेऊन राह्यले."
"तेच तं. ह्या सातजणी माह्या मांगं खोकत होत्या का?"
"आमी तं बारदानाच आहो बाई!" बारक्याची माय. सगळ्या हसल्या. ती नाही.
मी तापलो. म्हणालो, मी नसतो तर तुमचं गाणं ह्या बांधीबाहेर कोणी ऐकलं असतं का?
बोलून गेलो.
हातातली रोपांची पेंडी खाली ठेवली तिनं. "काढून टाक ते."

२९ जुलै
नाई काढत. काऊन काढू? पहिलं गाणं आहे माझं. नागपूरचा परत फोन, उद्या कळवतो म्हणालो.
दुपारी लाईन गेली. मिल थांबली. खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मागून काहीच आलं नाही. आठही जणी वाकून रोवत होत्या, चूप. नुसता पाण्यात पाय ओढल्याचा आवाज.

३० जुलै, बुध.
सकाळी गाणं नेटवरून उतरवलं. बाबांना सांगितलं. "मंग? झालं का म्युझिक?" म्हणत त्यांनी चहा पुढं केला.
नवं कव्हर करायला बसलो. फोटो नाही, नुसती आठ नावं. सात लिहिली. आठवं अडलं. बारक्याची माय, हे काय नाव झालं?
बाबांना विचारलं. "बारक्याचीच माय म्हणते ना बा सारे. नाव मले का मालूम!"
आमच्याच गल्लीत राहते. लहानपणी तिच्या हातचं खाल्लंय मी. बारक्याची माय असंच टाकलं तर कोणी काही म्हणणार नाही. म्हणूनच नाही टाकत.
तिलाच विचारावं लागेल, भर बांधीत, सगळ्यांसमोर. वैशाली शेजारीच असेल. बोलेल का, परत गातील का... नागपूरला अजून काही कळवलं नाही.
पेन सोबत नेतो, नाव लिहायला. गिटार पोत्यांना टेकवून ठेवली, ती इथंच राहू दे. मिल सुरू झाली. निघालो, दार ओढून घेतो.