बुधवारचा वीकेंड

२८ एप्रिल, सोमवार
रोजनिशीची माफी मागतो. संक्रांतीनंतर आज उघडली. चष्म्याची काडी मोडली होती, त्याला मी काय करू.
रुद्रेशचा पुण्याहून फोन. म्हणाला, बाबा, वीकेंडला येतो, सेजलला घेऊन. नात गणपतीच्या चवथीनंतर दिसली नाही. मी काही वाट बघणारा नव्हे. मानकुराद आंब्यांची अढी घातली, पण ती घालायचीच होती.
मी चौथी शिकलो, तरी अर्थ लावतो. वीक म्हणजे आठवडा, एंड म्हणजे शेवट. आयतवार तर पहिला वार! तो शेवटात कसा शिरला? इंजिनियर झाले, आठवडा संपतो कुठे ते ठाऊक नाही. आजपासून हा शब्द घरात बंद.

३० एप्रिल, बुधवार
शेजारची दिपाली तुयेला फॅक्टरीत आहे. आज घरी. म्हणते, काका, माझा वीकेंड बुधवारी. कपाळ! आठवड्याच्या पोटात शेवट. आमची बायको प्रभावती तिच्याबरोबर हसली. बायकांना ताळतंत्र नाही.

२ मे, शुक्रवार
देवळात कौल घेतला. पुजारी गौरेशने मूर्तीला पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं, शनिवारी पूत येतलो जाल्यार उजवी दी. डावी पाकळी पडली, म्हणजे येणार नाही. पंखा चालू होता! बंद करायला लावला. परत डावी. दारातून वारा. दार लावलं. तिसऱ्या खेपेला उजवी. गौरेश म्हणतो, काका, देवय आता कंटाळलो. गाढव. त्याला देवाचं काय कळतं? येणार म्हणजे येणार.
दाढी केली. वाढली होती म्हणून.

३ मे, शनिवार
सकाळची बस गेली. दुपारची गेली. मी स्टॉपवर सहज उभा होतो.
संध्याकाळी फोन. ऑफिसचं काम आलं, बाबा, पुढच्या वीकेंडला नक्की. मग सेजल. आजोबा, तुम्हीच या ना. मी म्हटलं, मला वीकेंडला वेळ नसतो.
प्रभावतीने ऐकलं. हसली नाही.

५ मे, सोमवार
अढीतले आंबे पिकून उतरले. चार दिपालीला दिले, बाकीचे काळे पडले.
पंख्याचा दोष नव्हता. देव पहिल्याच खेपेला खरं बोलला होता.
रुद्रेश, वीकेंड राहू दे. बुधवारी ये. झाडावर वरच्या फांदीला अजून थोडे आहेत. कुठल्या बुधवारी येतोस तेवढं लवकर कळव.