आषाढात निघालेलं आरमार

चिखली, ता. हवेली
२० ऑगस्ट १९५७

चि. गेनूस,

सोपानदादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे खुशाल. बाजरी कमरेला लागली आहे. हर्णैला तुम्हीही बरे असाल.

शुक्रवारी सकाळी देवांना अंघोळ घालत होतो, तेवढ्यात टपालवाल्यानं तुझं पाकीट दिलं. ओल्या हातानंच फोडलं आणि वाचता वाचता असा हसलो की कौशल्या चूल सोडून बाहेर आली. देव ताम्हनातच राहिले आणि कारखान्यातली पाळीही चुकली!

अरे, तुला धाडलेल्या प्रकरणात मी चांगला दिवस बघून आषाढी एकादशीला माझ्या कादंबरीतलं आरमार हाकारलं, आणि तुझ्या घरून निरोप काय, तर "थोरल्या भावोजींना सांगा, आषाढात होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकलेल्या असतात. तुमचा सरखेल बंदरातच बुडाला!"

सगळं फाडून पुन्हा लिहिलं. आता नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन, वारं निवळल्यावरच गलबतं निघतात. आणि लढाई! भर समुद्रात वारा पडतो. फिरंग्याचं जहाज जागच्या जागी डुलत राहतं. आपली गलबतं मोठ्या गुराबेला, आपल्या तोफांच्या जहाजाला, दोर बांधतात, वल्ही मारत तिला ओढत नेतात ती थेट शत्रूच्या पिछाडीला, जिथं त्याच्या तोफा वळत नाहीत. लिहिताना माझ्याच दंडांना कळ लागली, गेनू! पुण्याच्या एका मासिकानं दिवाळी अंकासाठी हे प्रकरण आधीच मागून ठेवलंय.

काल रोजच्यासारखं आईला वाचून दाखवलं. ती मटकी निवडत होती.

"ह्ये नारळाचं कुनी शिकवलं? तू तर समिंदर बघितला न्हाईस."

आजवर मी "आहे एक ओळखीचं माणूस" म्हणून वेळ मारून नेत होतो. या पत्रातही बघ, "तुझ्या घरून" असंच लिहून गेलो. तू दर्यावर्दी खारव्याची मुलगी केलीस म्हणून आबांनी तुला उंबरा बंद केला. ते गेले, तरी या घरात तुझं नाव निघालं नाही, आणि तिचं तर कधीच नाही.

मी म्हणालो, "रंभानं, आई. आपल्या गेनूच्या बायकोनं."

तिनं सुपातला एक खडा उचलून फेकला. म्हणाली, "लई हसली आसंल की तुला."

"लई."

"हसायचंच. येडाच हाईस तू." मग हळूच, "गेनूला सुकवून बिकवून टाकलं न्हाई ना तिनं?"

मी कौशल्येकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, आता बोला. मी म्हणालो, यंदा गवर उंबऱ्यातून आत रंभा आणेल. घरची सून आहे.

आई म्हणाली, "भावकी काय म्हनंल? उद्धवराव बसू देईल व्हय पंगतीला?"

रात्रभर तेच डोक्यात घोळवलं. आणि आज भैरवनाथाची आरती झाल्यावर सगळी भावकी देवळातच बसली होती. भावकीच्या थोरलेपणाच्या ऐटीत उद्धवकाका म्हणाले, "काय सोपानराव, तुमचं आरमार कुठवर आलं?" सगळे हसले. मी नाथाला हात जोडले आणि बोललो, "गौरीला गेनू येतोय. रंभा गवर आणणार. ज्याला आमच्याकडे जेवायचं नसेल, त्यानं आधी कळवावं, म्हणजे कौशल्येला पुरणाचा अंदाज येईल."

कुणी हसलं नाही. काकांनी पागोटं सारखं केलं. मी विचारायला थांबलो नाही, गेनू. सांगून आलो.

गौरीच्या आदल्या दिवशी तुम्हा दोघांची वाट पाहणारा,
तुझा दादा
सोपान