अर्थिंगची तार

कोल्हापूर,
४ मे २०२५

ती. श्यामलाआत्यास,
मैथिलीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. एसटीत एकदाही उलटी झाली नाही, हे आधी सांगते, कारण तुझा पहिला प्रश्न तोच असणार. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं रचतेस, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्रच बरं. शिवाय उन्मेषदादाच्या दोन खोल्यांत त्याच्याबद्दल फोनवर बोलायची सोय नाही, आणि तुला तर त्याच्याबद्दलच ऐकायचं असतं.

तर ऐक. तुझा मुलगा बारीक झालेला नाही, उलट पोट सुटलंय. घरात भांडी चार आणि वायरी चारशे. आजऱ्याहून दिलेले घनसाळ तांदूळ बघून त्याचे डोळे भरून आले, पण शिजवायला मलाच लावले. दिग्दर्शक विजयसिंहसरांना त्यानं माझी ओळख करून दिली, ती मामेबहीण म्हणून नाही, नवीन हेल्पर म्हणून. मला राग आला होता, मग बरं वाटलं.

कॉलेजातल्या इलेक्ट्रिकलच्या बाकीच्या मुली उन्हाळ्याच्या कामाला एमआयडीसीत गेल्या, मी एकटीच दादाच्या हाताखाली नाटकाच्या दिव्यांवर आणि साउंडवर. पहिल्याच दिवशी केबल कोपराला गुंडाळली म्हणून दादाचा ओरडा खाल्ला. आतली तार पिळवटून तुटते म्हणे. आता हातात मोठी वेटोळी घेत गुंडाळते. दिव्यांवर रंगीत जिलेटिन लावते, शिडीवर चढते, विंगेत बसून आवाज वरखाली करते. जाम आवडलंय मला.

नाटकात गाणी आहेत आणि ती म्हणणारी मोना माझ्याहून थोडीच मोठी आहे. कबनूरची. वडील यंत्रमागावर कामाला, ही रोज बसनं येते आणि आल्याबरोबर सगळ्यांची उणीदुणी काढते. मला पहिल्या दिवशी पावणं म्हणून हाक मारली, दुसऱ्या दिवसापासून नुसतं ए पोरी. रंगमंचाच्या मधोमध लोखंडी स्टँडवर माईक असतो, तो धरून ती गाते. आवाज असा की हॉलचा वॉचमनही आत येऊन बसतो.

एकच भानगड आहे. दिवे चढवले की स्पीकरमधून घूं असा आवाज सुरू होतो. मोनाचं गाणं त्याच्यावर तरंगत राहतं. विजयसिंहसर काल ओरडले की हा भुंगा मला प्रयोगात नको, न्हायतर दुसरा माणूस बघतो. दादा रात्री जेवला नाही.

तुझी तब्येत जप. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
मैथिली

---

आजरा,
८ मे २०२५

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. उलटी झाली नाही हे वाचून देवापुढे साखर ठेवली, हसू नकोस.

उन्मेष जेवला नाही, हे मात्र असं सहज लिहायचं नसतं गं. त्याला भूक सहन होत नाही, लहानपणी शाळेतून आला की दप्तरासकट ताटावर बसायचा. राग आला की तो बोलत नाही, उपाशी राहतो. त्याच्या बापाचंही हेच होतं. तू समोर बसून वाढ. वाढलेलं तो टाकत नाही.

तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या हाताखाली राबला. नाव त्यांचं, वायरी ह्याच्या खांद्यावर. जोतिबाच्या यात्रेत ऑर्केस्ट्राचे स्पीकर डोंगरावर ह्यानं चढवले आणि शाल घातली मालकाला. आता पहिल्यांदा जाहिरातीत प्रकाश आणि ध्वनी म्हणून त्याचं एकट्याचं नाव यायचंय. ते कात्रण मी देवघरात लावणार आहे. तो भुंगा का काय तो, त्याचा बंदोबस्त उन्मेष करेल. त्याचं डोकं त्यात चालतं.

शेजारच्या बायडाबाई रोज विचारतात की पोरगी तिकडं नाचायला गेली का काय. मी सांगते की नाचवायला गेली आहे. काजूगर वाळवून ठेवलेत, कुणी येणारं भेटलं की धाडते.

शिडीवर ओढणी घेऊन चढू नकोस. दोघंही एकमेकांना धरून राहा.

आशीर्वाद,
श्यामलाआत्या

---

कोल्हापूर,
१४ मे २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दादा जेवतो आहे. भुंगा गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, विजयसिंहसरांनी त्याला मिठी मारली आणि चहावाल्याला बोलावून सगळ्यांना भजी सांगितली. दादाला इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

पण आत्या, भुंगा कसा गेला ते मी पाहिलंय. साउंडच्या प्लगमधली अर्थिंगची तार त्यानं कापून टाकली. ती काढली की आवाज बंद होतो, हे खरं आहे. पण मशिनमध्ये कधी करंट उतरला, तर तो जमिनीत जायची वाट तेवढीच असते. ती तोडली तर जो हात लावेल त्याच्यातून जाणार. आम्हाला कॉलेजात हे अगदी सुरुवातीला शिकवतात. मी दादाला विचारलं, तर म्हणाला की जत्रेत, वरातीत सगळेच असं करतात आणि आजवर कुणी मेलेलं नाही.

मोना परवा हसत हसत सांगत होती की स्टँडला हात लावला की बोटांना मुंग्या येत्यात, गाणं अंगात येतंय बघ. मला हसू आलं नाही.

आणि काल मला बसला. चप्पल विंगेत काढून ठेवली होती आणि माईकचा स्क्रू आवळायला तशीच गेले. स्टँडला हात लावला आणि कुणीतरी मागून ढकलावं तशी फेकली गेले. दात एकमेकांवर आपटले. हात संध्याकाळपर्यंत माझा वाटत नव्हता. मग रबरी चप्पल घालून पुन्हा भीत भीत बोट लावलं, तर नुसत्या मुंग्या. म्हणजे आम्ही सगळे तालमीत चपला घालून वावरतो म्हणून वाचलोय. फळ्यांचे खिळे वर आलेत ना, म्हणून सगळ्यांच्या पायात स्लीपर असतात.

पण ह्या मंडळींची एक रीत आहे. पहिल्या प्रयोगाला रंगमंचाची पूजा झाली, की त्या दिवसापासून फळीवर कुणी पायताण घालून चढायचं नाही. नट असो, गडी असो, सर असोत. त्या दिवशी मोना अनवाणी असेल. आणि दुसऱ्या अंकात ती भरलेली घागर स्वतःच्या अंगावर ओतते आणि ओलेत्यानं तो स्टँड धरून गाते. तालमीत अजून घागर रिकामीच असते.

काय करू ते लवकर लिही. मला भीती वाटते आहे.

तुझी,
मैथिली

---

आजरा,
१७ मे २०२५

चि. मैथिलीस आशीर्वाद.

पत्र वाचून जीव वरखाली झाला. हात आता कसा आहे? रात्री कोमट तेल लाव. आणि ह्यापुढे चप्पल काढशील तर याद राख, तिकडे येऊन कान उपटीन. उन्मेषलाही घालायला लाव, त्याला अनवाणी फिरायची लहानपणापासून खोड आहे.

आता माझं ऐक. विजयसिंहांच्या कानावर हे घालू नकोस. चारचौघांत तर मुळीच नको. पुरुषमाणसाला धाकट्या बहिणीनं लोकांसमोर चूक दाखवली तर तो ऐकत नाही, हट्टाला पेटतो. त्यातून हा उन्मेष. हातातोंडाशी आलेलं नाव जाईल आणि तो पुन्हा कुणाच्यातरी वायरी वाहत बसेल. मला ते आता बघवणार नाही गं.

घरी जेवण झाल्यावर, त्याचा मूड बघून, हळूच काढ. आत्यानं सांगितलंय असंही म्हण. तो मनानं वाईट नाही. मुंगी मारताना हात आखडणारं पोर ते. समजलं की करेल.

काजूगर पाठवायचे राहिले. दोन दिवस इथं वळवाचं येतंय, वाळवण आत बाहेर करून कंबर मोडली.

त्याला सांभाळ. तुझ्यावरच सोपवलाय.

आशीर्वाद,
श्यामलाआत्या

---

कोल्हापूर,
२२ मे २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं घरी, जेवण झाल्यावर, हळूच काढलं. दादानं ताट सरकवलं आणि म्हणाला की पहिला प्रयोग होऊ दे, मग पुण्याहून नीट सामान आणून बसवतो. मी म्हटलं की धोका पहिल्याच प्रयोगाला आहे. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर हॉलवर जाऊन तार परत जोडली. तालीम सुरू झाली, दिवे चढले आणि भुंगा परत आला. सर तोंडाला येईल ते बोलले. दादानं मान खाली घालून ऐकून घेतलं, नंतर तार काढली आणि प्लगच्या पेटीला कुलूप लावलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग काल मी तुझं न ऐकता सगळ्यांसमोर सांगितलं. रडत सांगितलं, तिथंच चुकलं. सरांनी दादाला विचारलं की पोरगी म्हणती ते खरं हाय काय. दादा सरळ मधोमध गेला, स्टँड दोन्ही हातांनी धरला आणि हसत उभा राहिला. म्हणाला की पहिल्यांदा शॉक बसला म्हणून घाबरलीय. त्याच्या पायात जाड स्लीपर होत्या, आत्या. मी ओरडून सांगत होते की चपला काढून धर, पण तोवर सगळे हसायला लागले होते. मोनाही हसली. तिला सुटल्यासारखं झालं असणार.

नंतर तिला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं, हात जोडले. ती म्हणाली की अगं, दादानं धरून दाखवलं की, माझ्या सख्ख्या भावागत हाय त्यो, मला कसा मारंल.

दादाच्या मनात काय आहे, ते मला कळत नाही. धोका नाही असं त्याला खरंच वाटतं, की वाटतं तरी एक प्रयोग निभेल असा जुगार आहे? मी त्याच्या डोळ्यांत बघते तर तो दुसरीकडे बघतो.

रविवारी संध्याकाळी पहिला प्रयोग आहे. त्या दिवशी मी हॉलवर दिसायला नको, म्हणून तो मला सकाळच्या आजरा गाडीत बसवणार आहे. तिकीटही काढलंय. मोना अनवाणी उभी राहील, घागर भरलेली असेल आणि मी तुझ्यासमोर बसून घड्याळ बघत असेन. तू त्याची आई आहेस. तुला काही सुचतं का बघ.

तुझी,
मैथिली

---

कोल्हापूर,
२६ मे २०२५

चि. मैथिलीस,

तुझं पत्र शनिवारी दुपारी हातात पडलं आणि रविवारी पहिली गाडी धरली. आपल्या दोघींच्या एसट्या उत्तूरच्या आसपास कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असतील. किल्ली बायडाबाईंनी दिलीच असेल. दूध तापवून ठेव, मी आणखी दोन दिवस इथेच आहे. काय झालं ते ऐक. फोनवर मला हे सांगता येणार नाही.

वाटेत गाडी तासन्तास बंद पडली, मी हॉलवर पोचले तेव्हा ऊन कललं होतं आणि पूजा आटोपली होती. विंगेबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि सगळे अनवाणी, कपाळाला गुलाल. उन्मेषनं मला बघितलं आणि धावत येऊन पाया पडला. विजयसिंहांना अभिमानानं सांगितलं की आई आजऱ्याहून आली. माझा पोरगा इतका गोड दिसत होता गं त्या गुलालात. क्षणभर वाटलं की काही बोलू नये, पुढच्या रांगेत बसावं आणि देवाचं नाव घ्यावं.

विजयसिंहांनी मान म्हणून नारळ मला फोडायला दिला. पाणी फळ्यांवर सांडलं. मी म्हटलं की शाळेत पोरांना वर्षानुवर्षं प्रार्थना शिकवली, आज आपल्या रंगमंचावर माईकवरून दोन ओळी म्हणते. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी साउंड चालू करायला सांगितलं. मी चप्पल काढली.

उन्मेष विंगेत मशिनपाशी होता. मी त्याच्याकडे बघत चालले, मुद्दाम सावकाश. त्याला बोलायला वेळ मिळावा, एवढंच मनात होतं. तो मशिनपाशीच उभा राहिला. मी स्टँडपाशी गेले आणि हात पुढे केला. मनात आलं की हा थांबवणार नाही, तर मग जगून तरी काय करायचंय.

तो धावत आला आणि माझं मनगट धरून मला मागे ओढलं. आई, नको, हात लावू नको, असा ओरडला की शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं असेल. मग तिथंच फळीवर बसला, तोंड झाकून.

मोना घागर घेऊन शेजारी उभी होती, वेणीत अबोली माळलेली. तिनं घागर खाली ठेवली. ओरडली नाही की रडली नाही. एवढंच विचारलं की दादा, आईला नको म्हणालास, मग मी काय कुणाची लेक न्हाय व्हय.

त्यानं तोंडावरचे हात काढले नाहीत. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मैथिली, मी फळीवर सांडलेल्या नारळाच्या पाण्याकडे बघत राहिले. तिनं ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि निघून गेली. प्रयोग झाला नाही. विजयसिंहांनी लोकांची हात जोडून माफी मागितली.

रात्री तुझी पत्रं काढून बसले, सगळी बरोबर आणली होती. त्या मुलीचं नाव तू प्रत्येक पत्रात लिहिलं आहेस. माझ्या उत्तरांत काय लिहिलं होतं, ते आठवून बघितलं. त्याचं जेवण, त्याचं नाव, त्याच्या पायातली चप्पल. तुझा हात विचारला. तिच्याबद्दल एक ओळ नाही.

उन्मेष अजून जेवलेला नाही, मीही वाढलेलं नाही. आता आम्ही कबनूरला निघतो आहोत, तिच्या घरी. तिच्या आईसमोर बसून काय बोलायचं, ते मला माहीत नाही. दार उघडेल का, तेही माहीत नाही.

दरवेळी मी तुला आशीर्वाद लिहिते. आज हात होत नाही. जमलं तर तूच माझ्यावर माया ठेव.

श्यामला