दादाचे डोळे आणि 'ऑर्बिट पेट्रोल'

भिंगार,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या बहिणीचा, म्हणजे राजूचा, वाकून नमस्कार.

ताजी माहिती अशी, की तुझं मशीन वहिनींना कळलं आहे. या वृत्ताला खुद्द वहिनींनी आज सकाळी माझ्या हॉलमध्ये दुजोरा दिला. दुजोरा देताना त्यांचे दोन्ही हात मशीनच्या बटणांवर होते, त्यामुळे त्या मान वर न करता बोलल्या. तुझी तब्येत कशी आहे? पित्त? गुडघा? हे उभ्यानं वाचत असशील तर आधी बस. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, ह्यांचा खोकला गेला, नळाला पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे सगळं रीतीप्रमाणे चाललं आहे.

आजच्या काळात पत्र कसलं पाठवतेस, असं विचारशील. तुमच्या घरातला एकुलता मोबाईल वहिनींच्या पर्समध्ये, पर्स वहिनींच्या खांद्याला आणि खांदा सध्या माझ्या हॉलमध्ये. तुला फोन करायचा म्हणजे तो इथेच वाजणार. गोरक्ष आज संध्याकाळी टेम्पोत कांदा भरून कोपरगावला निघाला आहे, त्याच्या हाती हे देते. (हाच तो गोरक्ष, ज्यानं गणपतीच्या आधी तुझं मशीन माझ्या दारात उतरवलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, लई जड हाय वो. आत मानूस हाय का काय?") वहिनी राहात्याला भाचीकडे पापड लाटायला गेल्यात असं तू समजत असशील. त्यांनी तुला तसंच सांगितलं आहे. तुमच्या घरात थापा मारण्याची कला एकट्या तुझ्याकडेच आहे, असा जो माझा समज होता तो मी मागे घेते.

आता मुळापासून सांगते, कारण काही भाग तुलाही ठाऊक नाही. नगरच्या एका क्लबनं जुनं सामान विकायला काढलं, त्यात तुला हे पिनबॉलचं मशीन दिसलं आणि सत्तराव्या वर्षी तुझी शुद्ध गेली. मला कारण समजतं. 'ऑर्बिट पेट्रोल' ही मालिका रविवारी सकाळी टीव्हीवर हिंदीत लागायची तेव्हा तू तपासायच्या वह्या मांडीवर घेऊन बसायचास, आणि तेवढ्या वेळात जी वही हाती येईल त्या पोराला भूमितीत पैकीच्या पैकी मिळायचे. त्याच मालिकेचं हे मशीन. चार पायांवर उभं टेबल, वर काच, काचेखाली अवकाश, तीन चंद्र आणि हिरव्या तोंडाचा सम्राट. पोलादी गोळी वर उडवायची आणि खाली घरंगळत आली की दोन्ही बाजूंची बटणं दाबून, बोटभर लांबीच्या दोन फळ्यांनी तिला परत वर हाणायची. गोळी खालच्या फटीत गेली की डाव संपला. एवढ्यासाठी माणसं सम्राटाशी वैर घेतात. पण "वहिनीला सांगू नकोस, आठ दिवस ठेव" असं म्हणून तू ते माझ्याकडे पाठवलंस, आणि तुझे आठ दिवस गणपतीपासून दिवाळी ओलांडून अजून चाललेच आहेत.

लपवायचं म्हणून मी त्याच्यावर माझी जुनी नारायणपेठी टाकली. मागचा उंच भाग तसा झाकल्यावर ते हुबेहूब देव्हाऱ्यासारखं दिसायला लागलं. आमच्या भजनी मंडळाच्या बायका आल्या, त्यांनी चपला आणखी लांब सरकवल्या आणि हात जोडले. मी सतरंजी अंथरली. (बातमीत जे विचारलं नाही ते सांगायचं नाही, हा नियम मी वर्तमानपत्राच्या कचेरीत तीस वर्षं पाळला.) एकीनं जास्वंदीचं फूल वाहिलं. नेमकं त्या दिवशी हे वायर काढायला विसरले होते, त्यामुळे आरती सुरू झाली आणि देव्हाऱ्यातून पुरुषी आवाज आला, "कॅप्टन, वी आर अंडर अटॅक!" मंडळ त्या दिवशी प्रसादाला थांबलं नाही. शेजारचे निवृत्त सुभेदार मात्र आले. त्यांनी चौकशी करून दोन डाव पाहिले आणि हा कॅप्टन दर वेळी हल्ला झाल्यावरच जागा होतो, याला आमच्या पलटणीत स्वयंपाकघरातसुद्धा ठेवला नसता, असं मत देऊन गेले.

तू महिन्यातून दोनदा डोळ्याच्या डॉक्टरांचं निमित्त सांगून नगरला यायला लागलास, तेही मी पाहिलं. तू सकाळच्या एसटीनं यायचास, माझ्याकडे जेवायचास, दुपारभर सम्राटाशी लढायचास आणि संध्याकाळी डोळे बारीक करून घरी जायचास. तुझी आई आणि माझी आई एकच असल्यामुळे मी गप्प बसले.

आता तुला ठाऊक नसलेला भाग. (पाणी जवळ घे.) दिवाळीच्या आधी आमच्या मोरीच्या फरश्या बसवायला सहादेव गवंडी आला होता. तो चहा प्यायला हॉलमध्ये बसला, मशीनकडे बघत राहिला आणि त्याचा चहा कडू झाला. म्हणाला, "ताई, ह्ये टेबल उतारावर हाय. वाटी ठिवली तर घरंगळत यील. कुनी लावलं?" मी तुझं नाव सांगितलं. "मास्तरांनी? आन मग शाळंत काय शिकवलं?" त्याचं म्हणणं मला पटलं. घरात कुठलंही टेबल वाकडं नसावं, आणि सगळं सरळ करून मिळत असेल तर बाईमाणूस नाही म्हणत नाही. सहादेवनं पाणसळ काढली, काचेवर ठेवली, नळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पुढच्या दोन पायांखाली फरशीचे तुकडे सारले आणि मागे सरून असं पाहिलं, जसा बाप बोहल्यावरच्या पोरीकडे पाहतो. मशीन पाण्याच्या पातळीत आलं. असं काम नगरात कोणी करून दाखवा, म्हणाला.

पिनबॉलच्या टेबलाला उतार मुद्दाम दिलेला असतो, हे त्या दिवशी आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. ह्यांनी संध्याकाळी एक डाव सुरू केला. गोळी वर गेली, हळूहळू दमली आणि अवकाशाच्या मधोमध, जेवण झालेल्या पाहुण्यासारखी पडून राहिली. खाली येईना, वर जाईना. कॅप्टन दर थोड्या वेळानं "अवेटिंग युवर ऑर्डर्स" म्हणत राहिला. ह्यांनी शेवटी त्याला झोपायला सांगितलं आणि वायर काढली.

मग दिवाळीनंतर तू आलास. ती दुपार तुला आठवत असेलच. तू पहिलीच गोळी उडवलीस, ती त्या तीन चंद्रांच्या मधे शिरली, आणि ते चंद्र तर आपले गोळीला लाथा घालायलाच बसवलेले. एकानं दुसऱ्याकडे ढकलली, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि उतारच नसल्यामुळे तिला खाली यायचं कारण राहिलं नाही. सरकारी अर्ज फिरतो तशी ती फिरत राहिली आणि फलकावरचे आकडे चढत राहिले. तू बटणांना हात न लावता उभा होतास, डोळे भरून आले होते. शेवटी एका चंद्राची लाथ बसून ती थेट खालच्या फटीत गेली, मशीननं नाव विचारलं आणि सगळ्यात वरच्या ओळीत तू आपली तीन आद्याक्षरं टाकलीस. दादा, तो विक्रम सहादेवचा आहे. मी तेव्हाच सांगणार होते, पण तू आनंदात मला "राजे" म्हणालास, आणि मी मॅट्रिक झाल्यापासून तू मला तसं कधी म्हणाला नव्हतास.

तिथे थांबायचं होतं. पण तू नगरहून पेढे घेऊन घरी गेलास आणि वहिनींना सांगितलंस, की डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे. वहिनींनी हिशेब केला तो असा: जो माणूस नातू झाल्यावर अर्धा पाव आणतो, तो डोळ्यांत थोडी सुधारणा झाल्यावर अर्धा किलो आणतो, म्हणजे आधी काय भयंकर लपवत असेल? तुला कल्पना नाही, त्या बाईनं काय काय केलं आहे. रोज सकाळी तुला पेपर वाचून दाखवतात, तो तुझ्या डोळ्यांना ताण नको म्हणून. (टेंडर नोटिसासुद्धा तू वाचून घेतोस, हे त्यांच्याकडून कळलं. लाज वाटू दे.) गाजरं किसून किसून त्यांची बोटं पिवळी झाली आहेत. आणि तुझी दृष्टी परत येईपर्यंत त्यांनी चहा सोडला होता. वहिनींनी, दादा. चहा.

गेल्या बुधवारी दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या, हातात पिशवी, पिशवीत तुझे जुने चष्मे. आत आल्या, पाणीही घेतलं नाही. "वन्सं, तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत. यांना दिसेनासं होणार आहे का? तसं असेल तर मला आत्ता सांगा, मी घरातलं सगळं सामान एका बाजूला लावून घेते, म्हणजे ठेच लागायला नको." त्या रडत नव्हत्या. सामान कुठे लावायचं ते मनात ठरवून आल्या होत्या. मी बातमी दाबण्यात आयुष्यात पुष्कळ कमावलं आहे, पण तिथे माझं काही चालेना. उठले आणि नारायणपेठी ओढून काढली.

त्या काचेवर वाकल्या. चंद्र पाहिले, सम्राट पाहिला, मग फलकावरची तुझी आद्याक्षरं पाहिली. "म्हणजे डोळे चांगले आहेत?" म्हटलं, उत्तम आहेत. "नक्की?" म्हटलं, या डोळ्यांनी तो सम्राटाचं नाक टिपतो. वहिनी खुर्चीत बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मग आधी चहा टाका. आणि वन्सं, हे चालू कसं करतात?"

पुढचं थोडक्यात. (जागा कमी आहे.) त्यांची पहिली गोळी अवकाशात मधोमध जाऊन पडली. दुसरीही. तेव्हा त्यांनी वाकून पायांखालचे फरशीचे तुकडे पाहिले आणि सहादेवला बोलावणं धाडलं. तो आला, आपलं काम परत बघायला मिळणार म्हणून खुशीत. वहिनी म्हणाल्या, "अरे, मोरीला उतार ठेवलास ना? पाणी तुंबू नये म्हणून?" तो म्हणाला, "व्हय." "मग गोळीनं काय पाप केलंय? ती पण वाहायला नको का?" सहादेव काही वेळ मशीनकडे, काही वेळ मोरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वैनी, मला ह्ये मोरी हाय म्हनून कुनी सांगितलंच न्हाई." त्यानं तुकडे काढले, मोरीचा हिशेब धरून उतार दिला, आणि तेव्हापासून मशीन जसं असायला हवं तसं चालू आहे. वहिनीही चालू आहेत. सकाळी पूजा झाली की बसतात. फोडणीचा वास आला तरी उठत नाहीत, "एवढा हल्ला परतवून येते" म्हणतात. पोळपाट-लाटण्यावर चाळीस वर्षं घालवलेल्या मनगटांना दोन फळ्या म्हणजे काहीच नाहीत. सुभेदार रोज येऊन मागे उभे राहतात आणि ही खरी कॅप्टन, असं जाहीर करतात.

पुढे काय होणार याबद्दल वहिनींनी दिलेली माहिती अशी: मशीन कोपरगावला हलवण्यात येत आहे. गोरक्ष परवा, गुरुवारी सकाळी, टेम्पो घेऊन येईल. राहात्याला पेरू घ्यायला थांबेल, तरी दुपारच्या जेवणाला पोचावा. हॉलमधली तुझी आरामखुर्ची गॅलरीत हलवण्यात यावी.

कळावे, लोभ असावा, रागही चालेल.
तुझी,
राजू

ता. क. पत्र वहिनींच्या हाती लागलं. (एक डाव संपल्यावर त्या अचानक मागे वळल्या.) त्यांच्या सांगण्यावरून पुढील दुरुस्त्या देत आहे. बोटं गाजरांनी नव्हे, हळदीनं पिवळी झाली आहेत. पेढे अर्धा किलो नव्हते, त्यातले तू वाटेत खाल्लेस. तुझा विक्रम उतार नसलेल्या जागी झाल्यामुळे रद्द समजावा. मशीन मात्र तो पुसायला तयार नाही, म्हणून वहिनींनी त्या ओळीवर टिकली चिकटवली आहे.

ता. क. दुसरा. खरं तर यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं, बाकीचं ओघात आलं. गुरुवारी टेम्पोत पुढे मीही बसून येते आहे. महिनाभर राहीन म्हणते. मशीन घरातून जायचं ठरल्यापासून मला झोप नाही. टिकलीच्या खालची ओळ वहिनींची आहे आणि तिच्या खालची माझी, आणि ती मला सोडवत नाही. हे मागून एसटीनं येतील. मशीननं घर बिघडवलं असं जे मी वर सुचवलं असेल, ते वाचू नयेस.

ता. क. तिसरा, वहिनींच्या सांगण्यावरून, त्या खेळत असल्यामुळे माझ्या अक्षरात. "पस्तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाला समोरचं टेबल सपाट आहे की उतरतं, ते दिसलं नाही. तेव्हा डोळ्यांचं काहीतरी खरंच बिघडलेलं आहे. शुक्रवारी अकरा वाजता कोपरगावातल्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. त्या डोळ्यांत थेंब घालून तपासतात, त्यानंतर दिवसभर जवळचं दिसत नाही. तुम्ही गॅलरीत खुर्चीवर शांत पडून राहायचं. आम्ही हॉलमध्ये असू."